एक घड्याळ, दोन कारभारी

मुंबईत १९४४ साली जन्मलेल्या एखाद्या आजोबांची जन्मवेळ घेऊन जाणत्या ज्योतिषाकडे गेले आणि ‘सकाळी नऊ वाजता’ एवढेच सांगितले, तर तो आधी विचारील, ‘नऊ खरे, पण कोणत्या वेळेचे?’ हा प्रश्न अनाठायी नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तरी मुंबईतील अनेकांनी आपली जुनी ‘मुंबई वेळ’ सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असे आणि १९५५ पर्यंत ती कशीबशी तग धरून राहिली. त्यात १९४२ ते १९४५ या युद्धकाळात सरकारने देशाची घड्याळे एक तास पुढे केली होती. त्यामुळे एकाच शहरात ‘नऊ वाजता’ या दोन शब्दांचे तीन अर्थ होत. मुंबई वेळेचे नऊ म्हणजे प्रमाणवेळेचे नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटे, आणि युद्धवेळेचे नऊ म्हणजे प्रमाणवेळेचे आठ. घड्याळे सारी बिनचूक चालत होती. ती कोणत्या वेळेला लावली आहेत हे लिहून ठेवण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतली नाही.

नेमका हाच घोटाळा आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातील टेबलावर नव्याने अवतरला आहे. ज्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाल्या शेजारी शेजारी नांदतात, त्याचे घड्याळ वरचेवर साडेपाच तासांनी चुकते. घरातील मंडळी ते दुरुस्त करतात आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चुकते. हे असे का होते आणि त्यावर कायमचा उपाय कोणता, याची उकल येथे करावयाची आहे.

दोन कार्यप्रणाल्यांचे घर

एका यंत्रात दोन कार्यप्रणाल्या ठेवणे ही पूर्वी हौशी विद्यार्थ्यांची गोष्ट मानली जाई. आता तसे राहिलेले नाही. विंडोज १० या आवृत्तीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तिच्या पुढील आवृत्तीसाठी ज्या यांत्रिक अटी आहेत, त्या घरोघरच्या कितीतरी धडधाकट संगणकांना पुऱ्या करता येत नाहीत. चालते यंत्र भंगारात काढणे मराठी गृहस्थाच्या जिवावर येते. मग घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी त्यात लिनक्स बसवून देते. वडीलधाऱ्यांच्या सवयीचे विंडोजही तेथेच राहू देते. संगणक सुरू करताना ‘आज कोण?’ असा प्रश्न पडद्यावर उमटतो आणि ज्याला जे हवे ते तो निवडतो. यालाच ड्युअल बूट म्हणतात.

या दोघांचे कप्पे निराळे, रीतिरिवाज निराळे. मात्र एक वस्तू दोघांत सामाईक असते, आणि ती म्हणजे मदरबोर्डवरील घड्याळ. संगणक बंद असतानाही ते चालत राहते. रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा तीन व्होल्टचा एक चपटा सेल त्याला जागे ठेवतो. या घड्याळाच्या पोटात क्वार्ट्झचा एक सूक्ष्म स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या विचित्र वाटली तरी ती दोनाचा पंधरावा घात आहे. तिला पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद हाती येतो. असा स्फटिक दिवसाकाठी एखाद-दोन सेकंद इकडेतिकडे होतो, म्हणजे महिन्याला मिनिटाच्या आतबाहेर चुकतो. घरगुती घड्याळाला एवढी चूक क्षम्यच म्हणावी लागेल. तेव्हा साडेपाच तासांचा अपराध या बिचाऱ्या स्फटिकाचा नव्हे.

आकडा आहे, गाव नाही

या घड्याळात वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिट व सेकंद एवढे आकडे असतात. ते कोणत्या गावचे, कोणत्या रेखांशाचे, हे सांगणारी नोंद त्यात नसते. संगणक सुरू होताच कार्यप्रणाली तो आकडा वाचते आणि त्याचा अर्थ आपापल्या परंपरेप्रमाणे लावते. भांडणाचे मूळ येथे आहे.

विंडोजची परंपरा घरगुती संगणकाची आहे. आयबीएम कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेल्या पहिल्या पीसीमध्ये सेलवर चालणारे घड्याळच नव्हते. यंत्र सुरू केले की तारीख आणि वेळ माणसाने टंकित करावी, अशी रीत होती. १९८४ च्या पीसी-एटी या यंत्रात असे घड्याळ आले. त्या काळच्या डॉस या कार्यप्रणालीला देशोदेशींच्या वेळांची कल्पना नव्हती. टेबलावर यंत्र, भिंतीवर घड्याळ, आणि दोघांचे काटे जुळले म्हणजे झाले, इतका तो साधा हिशेब होता. विंडोजने तोच वारसा पुढे चालविला. घड्याळातील आकडा म्हणजे येथील स्थानिक वेळ, असे ते आजही गृहीत धरते.

लिनक्सचा जन्म १९९१ चा असला तरी त्याचे कुळ युनिक्सचे. अनेक माणसांनी, अनेक गावांहून, एकच यंत्र वापरावे अशी त्या कुळाची रीत. तेथे ‘स्थानिक’ वेळ कोणाची धरावी? म्हणून युनिक्सने जागतिक समन्वित वेळ प्रमाण मानली आणि १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजण्यास आरंभ केला. पाहणारा इंदूरचा असो की लंडनचा, मोजणी एकच; प्रत्येकाला दाखविताना तेवढा त्याच्या गावाचा फरक मिळवावयाचा. त्यामुळे मदरबोर्डवरील आकडा हा जागतिक वेळेचाच असणार, असे लिनक्स समजून चालते.

भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. आता सकाळचे नऊ वाजले आहेत असे समजू. लिनक्सने घड्याळात साडेतीन लिहून ठेवले आहेत, कारण त्या क्षणी जागतिक वेळ तेवढीच असते. मग कोणी विंडोज उघडले की ते साडेतीन हा आकडा वाचते आणि तोच पडद्यावर दाखविते. भर सकाळी पहाट! उलट, विंडोजमध्ये कोणी नऊ लावून ठेवले, तर लिनक्स त्याला जागतिक नऊ मानून वर साडेपाच मिळविते आणि दुपारचे अडीच वाजल्याचे सांगते. इंटरनेटशी जोडले जाताच ते स्वतःला सावरते खरे; परंतु इंटरनेटवरून वेळ जुळलेली असताना ते दर अकरा मिनिटांनी मदरबोर्डवरील घड्याळही आपल्या समजुतीप्रमाणे लावीत राहते. विंडोजने पुसलेले लिनक्स लिहिते, लिनक्सने लिहिलेले विंडोज पुसते. एकाच जमाखर्चाच्या वहीवर दोन कारभारी बसविले, आणि एक रुपयांत लिहितो की पैशांत हे दुसऱ्याला ठाऊक नाही, अशातली ही गत.

यात बिघडते काय?

‘पडद्याच्या कोपऱ्यातील वेळ चुकली तर चुकली, भिंतीवर घड्याळ आहेच,’ असे कोणी म्हणेल. परंतु संगणक ती वेळ केवळ दाखविण्यासाठी ठेवीत नाही. प्रत्येक कागदावर तो तिचा शिक्का मारतो. एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी घराण्यांत सध्या कुळवृत्तांताचे काम संगणकावर चालते. समजा, वडोदऱ्याच्या एका घरी नातीने सकाळी दहा वाजता लिनक्समध्ये बसून वृत्तांतातील शुद्धलेखन तपासले. अकरा वाजता आजोबांनी तीच फाइल विंडोजमध्ये उघडली, आठवून आठवून चार पिढ्यांची नावे भरली आणि जतन केली. विंडोजच्या लेखी तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्यामुळे आजोबांच्या प्रतीवर साडेपाचचा शिक्का बसला. संध्याकाळी दोन प्रतींपैकी ‘नवी ती ठेव, जुनी ती काढ’ असा नियम पाळणारी नक्कल-व्यवस्था चालली आणि तिने दहाची प्रत नवी ठरविली. आजोबांनी भरलेली नावे गेली. येथे यंत्राने नियम मोडला नाही, कोणी निष्काळजीपणाही केला नाही. तरी जे पुन्हा आठवेल की नाही याची शाश्वती नाही, असे काही हरवले.

दुसरी अडचण कुलपांची. पुष्कळ खात्यांसाठी आता सहा आकड्यांचा क्षणिक संकेत लागतो आणि तो सामान्यतः दर तीस सेकंदांनी बदलतो. तो वेळेवरूनच काढला जातो. संगणकावरच तो काढणारे साधन असेल आणि संगणकाची वेळ साडेपाच तास चुकलेली असेल, तर संकेत प्रत्येक वेळी नाकारला जातो. संकेतस्थळांच्या ओळखपत्रांनाही आरंभाची व अखेरची तारीख असते. सेल संपून घड्याळ काही वर्षे मागे गेले, तर संगणकाला ती ओळखपत्रे अजून सुरूच झालेली नाहीत असे वाटते आणि तो बँकेचेही दार उघडू देत नाही.

बिघाड कोणता, गैरसमज कोणता?

म्हणून उपचारापूर्वी निदान करावे. त्याची खूण सोपी आहे. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल आणि कार्यप्रणाली बदलल्यावरच तो दिसत असेल, तर घड्याळ निरोगी आहे; दोन कारभाऱ्यांत करार झालेला नाही इतकेच. याउलट, वीज काढून ठेवल्यावर तारीख एकदम काही वर्षे मागे जात असेल, किंवा फरक रोज निराळा पडत असेल, तर सेल संपला असे समजावे. सीआर २०३२ या नावाचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. साडेपाच तासांच्या तक्रारीसाठी सेल बदलणे म्हणजे सासू-सुनेच्या वादासाठी भिंतींना रंग देणे होय.

आणखी एक पळवाट लोक काढतात, ती टाळावी. विंडोजमध्ये देश म्हणून भारताऐवजी दुसराच निवडून आकडे जुळवून घ्यावयाचे, अशी ही युक्ती. पडदा शहाणा दिसतो, पण आतील हिशेब खोटा होतो, आणि आपण पाठविलेल्या पत्रांवर परदेशाची वेळ उमटते. वेळेचा प्रदेश दोन्हीकडे भारताचाच ठेवावा. विंडोजच्या यादीत तो ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ या नावाने सापडतो. ज्या मद्रास, कलकत्ता व मुंबई यांनी एके काळी आपापल्या वेळा मोठ्या अभिमानाने मिरविल्या, ती शहरे आता एकाच ओळीत गुण्यागोविंदाने बसली आहेत.

पंचांगकर्त्यांची रीत

करार करावयाचा तर कोणाची रीत मान्य करावी? माझे मत लिनक्सच्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण आपल्याच परंपरेत सापडते.

सूर्यसिद्धान्तात रेखांशाची मोजणी लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांवरून जाणाऱ्या मध्यरेषेपासून केलेली आहे. गणित त्या एका रेषेचे करावयाचे आणि आपल्या गावी वापरताना देशांतर-संस्कार द्यावयाचा, ही आपल्या ज्योतिर्गणिताची जुनी पद्धत. प्रत्येक गावासाठी मुळापासून निराळे गणित मांडले असते, तर दोन गावांचे पंचांग कधी जुळलेच नसते. आधार एक आणि संस्कार ज्याचा त्याचा, हे सूत्र ग्रीनिचची रेषा प्रमाण ठरविणाऱ्या १८८४ च्या वॉशिंग्टन येथील परिषदेच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे रुळलेले होते.

उज्जैनची वेधशाळा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन पटेल. सवाई जयसिंहांनी उभारलेल्या आणि १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्या राजवटीत जीर्णोद्धार झालेल्या त्या वेधशाळेत सम्राटयंत्राची सावली अगदी खरी वेळ सांगते. पण ती उज्जैनची. हातातील घड्याळाशी ती जुळवायची तर सरासरी सत्तावीस मिनिटे मिळवावी लागतात. शिवाय ऋतूप्रमाणे काही मिनिटे कमीअधिक करावी लागतात. भारतीय प्रमाणवेळ ही मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशाची वेळ आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्याची सरासरी वेळ हैदराबादला तिच्या सोळा मिनिटे मागे, ग्वाल्हेरला सतरा, इंदूरला सत्तावीस, बेळगावला बत्तीस, पणजीला पस्तीस, तर वडोदऱ्याला सदतीस मिनिटे मागे पडते. इतकी गावे, इतक्या वेळा. तरी गाडी चुकत नाही, कारण आधार एकच मानलेला आहे.

संगणकातही हेच करावे. घड्याळात जागतिक वेळ असू द्यावी आणि दोन्ही कार्यप्रणाल्यांनी वाचताना साडेपाच तासांचा संस्कार द्यावा.

कराराची कलमे

लिनक्सला बहुधा काही सांगावे लागत नाही. खात्रीसाठी टर्मिनल उघडून रोमन अक्षरांत ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा द्यावी. मदरबोर्डवरील घड्याळ स्थानिक वेळेवर आहे काय, या ओळीपुढे ‘नो’ असे उत्तर दिसले म्हणजे ठीक. ‘येस’ दिसल्यास त्याच आज्ञेपुढे ‘सेट-लोकल-आरटीसी’ आणि मग शून्य लिहावे.

विंडोजला मात्र समजावावे लागते. ‘रेजएडिट’ हे साधन उघडावे आणि बदल करण्यापूर्वी तेथील नोंदींची प्रत काढून ठेवावी. या पानांत चुकीच्या जागी हात लागला तर यंत्र रुसते. त्यानंतर लोकल मशीनच्या शाखेत सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल आणि टाइमझोनइन्फर्मेशन अशी क्रमाने पाने उघडावीत. शेवटच्या पानावर ‘डीवर्ड’ प्रकारची नवी नोंद करावी. तिचे नाव रियल, टाइम, इज, युनिव्हर्सल हे चार इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता जोडून लिहावे आणि मूल्य एक द्यावे. मग संगणक पुन्हा सुरू करून विंडोजच्या वेळेच्या पानावर ‘सिंक नाऊ’ हे बटण एकदा दाबावे. यापुढे विंडोज मदरबोर्डवरील आकडा जागतिक वेळेचा समजून वाचील.

ज्यांना ही पाने उघडण्याचे धैर्य होत नाही, त्यांच्यासाठी उलटा मार्ग आहे. लिनक्समध्ये त्याच ‘सेट-लोकल-आरटीसी’पुढे शून्याऐवजी एक लिहिला की लिनक्सच विंडोजची रीत पत्करते. भारतात वर्षभर एकच वेळ असल्याने घरच्या यंत्रापुरते हे चालून जाते. मात्र असे केल्यावर लिनक्स स्वतःच एक इशारा दाखविते, आणि तो रास्त आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चमध्ये घड्याळे तासभर पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे करतात. शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मुलाच्या संगणकात आकडा स्थानिक असेल, तर दोन्ही कारभारी एकेकदा तास बदलण्याचा संभव असतो, आणि एका तासाचे दोन होतात. जागतिक वेळेला उन्हाळा-हिवाळा नाही, म्हणून ती पायाभूत ठेवणे श्रेयस्कर.

या दोन मार्गांपैकी एकच धरावा. दोन्ही केले तर विंडोज जागतिक वेळ मानू लागते, लिनक्स स्थानिक, आणि तोच साडेपाच तासांचा वाद उलट्या तोंडाने सुरू होतो.

बाहेरचा साक्षीदार

करार झाला तरी स्फटिकाची मिनिटभराची चूक उरतेच. ती काढण्यासाठी संगणक इंटरनेटवरून अधूनमधून खरी वेळ विचारतो. ही पद्धत अमेरिकेतील प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनी घडविली. तिचा पहिला मसुदा १९८५ सालचा आहे. पत्र पाठविल्याची वेळ आपण टिपून ठेवावी, समोरच्याने पत्र मिळाल्याची व उत्तर धाडल्याची वेळ त्यात लिहावी, आणि उत्तर हाती पडताच प्रवासातील विलंब निम्मा वाटून घ्यावा, अशी ती सुबोध युक्ती आहे. भारतात प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या आधारे करते. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेने देशातील संस्थांना आपल्या संगणकांची घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळवून ठेवण्याचे निर्देश दिले. कारण उघड आहे. एखादी आगळीक कोठून कोठे गेली याचा माग काढताना नोंदींच्या वेळा जुळल्या नाहीत, तर आधी काय व मागाहून काय हेच ठरत नाही. घरच्या यंत्रातही वेळ आपोआप जुळविण्याची सोय दोन्ही कार्यप्रणाल्यांत सुरू ठेवावी.

शेवटी एक साधी सूचना. जागतिक वेळेचा मार्ग पत्करल्यावर संगणकाच्या बायोसच्या पडद्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल, आणि ते तसेच दिसले पाहिजे. पुढे कधी दुरुस्तीसाठी आलेला कारागीर किंवा सुट्टीत आलेला भाचा सद्हेतूने ते ‘बरोबर’ करून ठेवील व सारा व्याप पुन्हा उभा राहील. यास्तव यंत्राच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवून ठेवावी: ‘आतील घड्याळ जागतिक वेळेवर आहे. हात लावू नये.’ आकड्याशेजारी त्याचे गाव लिहिलेले असले की पुढच्या माणसाला विचारीत बसावे लागत नाही.